ड्रायव्हरच्या दारातली खुंटी

२७ जानेवारी २००४, मंगळवार

नागपूरच्या दवाखान्यात तार बसवली. वरचे दात खालच्या दातांना बांधून टाकले डॉक्टरने. सहा आठवडे प्रवीण तोंड उघडणार नाही. नळीने पातळ प्यायचं, बस! उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. डावा डोळा शोधावा लागतो, इतकं सुजलंय. मी खाटेजवळ जाऊन उभा राहिलो तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. दुखत असेल.

लिहून ठेवतो. सगळे विचारतात आणि दर वेळी सांगताना काहीतरी इकडचं तिकडे होतं. एकदा नीट लिहिलं की तेच सांगायचं.

रविवारी दुपारी आम्ही दोघं भाऊ पांढऱ्या गाडीने येत होतो. दिव्यानीला, म्हणजे प्रवीणच्या बायकोला, तिच्या माहेरी सोडलं आणि परत आरमोरीला निघालो. गाडी मी चालवत होतो. वाटेत एका गावी शंकरपट भरलेला. बैलांच्या शर्यती पाहायला दहा गावची माणसं, रस्त्यावरच दुकानं, पाळणा, भोंगा. एक जण पटाचा बैल घेऊन आडवा आला. ब्रेक दाबला — तरी बैल बोनेटवर आलाच. पुढचा पाय मोडला. हाड बाहेर.

दोघंही उतरलो. गर्दी धावत आली. प्रवीण म्हणाला, "दादा, तू गाडीत बस, मी बोलतो." त्याला लोकांशी बोलता येतं. माझा आवाज आधी चढतो, मग हात. मी आत बसलो, दार ओढलं — आणि खट्! चारही दारांची लॉकं आपोआप पडली. हे सेंट्रल लॉकिंग दिवाळीत अयूब इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलं होतं. ड्रायव्हरच्या दारातली खुंटी दाबली की चारही दारं बंद, वर ओढली की चारही उघडी. मी खुंटी वर ओढतोय, ती पुन्हा खाली. वर, पुन्हा खाली!

आणि बाहेर त्यांनी प्रवीणला धरलं. काचांना काळी फिल्म, त्यामुळे आत मी आहे हे दिसत नव्हतं. त्यांना वाटलं गाडी तोच चालवत होता. तुताऱ्या होत्या सगळ्यांच्या हातात, बैल टोचायच्या खिळेवाल्या काठ्या. पहिली पाठीत बसली. दुसरी हातावर, त्याने हात आडवा धरला म्हणून. तो पळत गाडीकडे आला, हँडल ओढलं, काचेला तोंड लावलं. मागून कोणीतरी जुवाची शिवळ, म्हणजे लाकडी दांडकं, घेऊन जबड्यावर हाणली. काचेवर लाल फवारा. मग दिसेना. भोंग्यावरून गावचा पाटील ओरडला तेव्हा कुठे थांबले. चारेक मिनिटं. मग लॉक उघडलं.

चुकीच्या माणसाला मारलं हरामखोरांनी!

लॉक खराब होतं. हे एवढंच.

२८ जानेवारी

दाराच्या हँडलवर रक्त वाळून काळं झालंय. वच्छला बादली-फडकं घेऊन धुवायला गेली. मी बादली लाथेने उडवली. ती नुसती पाहत राहिली. पंधरा वर्षांच्या संसारात बायकोला असं पाहताना मी पाहिलं नव्हतं.

उजव्या अंगठ्यावर गोल वळ आहे. दाबलं की ठणकतो.

बैल मेला म्हणे. बरं झालं मेला.

३० जानेवारी, शुक्रवार

अयूबला घरी बोलावलं. दहा वर्षं आमच्या ट्रॅक्टरचं, मोटरपंपाचं, सगळं वायरिंग तोच करतो. नमाजाआधी उरकतो म्हणाला, पिशवी घेऊन आला. अंगणात बाबा, वच्छला, शेजारचे दोघं-तिघं जमलेले. त्याने आधी प्रवीणची चौकशी केली. डोळ्यांत पाणी आणून केली. मला ते पाणी आवडलं नाही.

ड्रायव्हरच्या दाराचं आतलं कव्हर काढलं, खुंटी वर-खाली केली. वीस-पंचवीस वेळा. खट् — चारही बंद. खट् — चारही उघडी. मग दार सताड उघडं ठेवून बिजागरीजवळची रबरी नळी चाचपायला लागला. दारातल्या वायरी त्या नळीतून गाडीत जातात. बोटं आत घालून एकेक वायर चाचपत होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता.

"लच्छूभाऊ, याच्यात काहीच खराबी नाई. पुरा ओके हाय. बाकीचे तीन दरवाजे आपल्या मनानं लॉक नाई होत. ते गुलाम हायत. मास्टर हाय तो तुमच्या दरवाजातला. याले कोनी दाबन, तवाच ते दबतीन."

कोनी दाबन.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वच्छलाने पाहिलं. शेजाऱ्याने पाहिलं.

मी दार लावलं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. त्याची बोटं बिजागरीतच होती. तुरीच्या वाळलेल्या तुऱ्हाट्या मोडतात तसा आवाज आला. तो ओरडलाच नाही आधी, त्याला कळलंच नाही. मी दार उघडलं आणि पुन्हा लावलं. मग ओरडला.

हो, दोनदा. कागदाशी कशाला खोटं बोलू?

३१ जानेवारी

बाबांनी दवाखान्यात सांगितलं की दार हवेने लागलं. अयूबनेही मान हलवली. काल झाडाचं पान हलत नव्हतं.

चौकातले लोक म्हणतात, बरोबर केलंस, भावाचं रक्त आहे. सकाळी चहाला बसलो तर दोन माणसं उठून हात मिळवायला आली. गाव कोणाच्या बाजूने आहे ते कळलं.

रात्रीचं जेवण गेलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आता मीच शोधणार. अयूबने केलेली घाण त्याला दिसणार कशी? मीटर आणला, पेचकस, पक्कड, काळी टेप. बाकीच्या दारांची कव्हरं ओढताना सात क्लिपा तुटल्या. आत प्लास्टिकचा कागद, त्याच्या मागे लोखंडी काड्या, आणि साबणाच्या वडीएवढी मोटर. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरी. बाकीच्या दारांत फक्त दोन-दोन. अयूब खोटं बोलत नव्हता तर! हुकूम एकाच दारातून सुटतो.

मग कुठेतरी वायर तुटलेली असणार. कुठेतरी असणारच!

शंभर वेळा दाबून पाहिली खुंटी. पाटीवर रेघा ओढत. शंभरपैकी शंभर वेळा बरोबर. दार आपटून, न आपटता. इंजिन चालू, इंजिन बंद. उन्हात तापवून पाहिली, पाणी मारून पाहिली. एकदा तरी चूक, बाई! एकदा तरी आपल्या मनाने पड!

नाही पडली. हातोडा घेऊन बोनेटवर घातला. तीन पोचे पडले. वच्छला घरातून धावत आली आणि दारातच थांबली. जवळ आली नाही. हातोडा माझ्या हातात होता म्हणून, दुसरं काय!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्या गावी जाऊन आलो. मोटारसायकलने, एकटाच. कुऱ्हाडीचा दांडा पिशवीत घालून नेला.

बैलाच्या मालकाचं नाव देवाजी. खळ्यावर बसला होता, दुपारची वेळ, आजूबाजूला कोणी नाही. बैलाचा खुंटा तसाच रोवलेला, त्याला गुलाल लावलेला. मी कोण ते सांगितल्यावर उठून हात जोडले. म्हातारा आहे. मला वाटलं होतं धिप्पाड असेल. धिप्पाड असता तर सोपं गेलं असतं.

"मालक, लेकरावानी पोसला होता त्याले. डोकं फिरलं आमचं. पर आमी असंच नाई मारलं हो. आमी पह्यले इचारलं, गाडी कोन चालवत होता म्हून. तं त्यानंच—"

मी त्याच्या तोंडावर दांडा घातला. दोन दात मातीत पडले. पुढचं त्याला बोलता आलं नाही. मग खांद्यावर, मग मांडीवर. तो खाली बसला, डोक्यावर हात घेतले. एकदाही परत मारायला उठला नाही. आतून कोणी बाई ओरडायला लागली तेव्हा निघालो.

जबड्याला जबडा. फिटलं.

७ फेब्रुवारी

काही फिटलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रवीणला घरी आणलं. दिव्यानी माहेरून केव्हाच आलीय, त्याच्या उशापायथ्याशी असते. पेज गाळून नळीने पाजते. पंधरा दिवसांत तो अर्धा झालाय.

मी पाटी-पेन्सिल घेऊन गेलो. म्हटलं, डाव्या हाताने लिही, वेडंवाकडं चालेल. पाटी त्याने बाजूला सारली. म्हटलं, मग मान तरी हलव. सगळ्यांसमोर विचारलं — बाबा होते, वच्छला होती — "लॉक आपोआप पडलं ना रे प्रवीण?" हो नाही, नाही नाही. नुसता पाहत राहिला. उजव्या चांगल्या डोळ्याने. असं वाटलं, हाच डोळा फुटायला हवा होता. लिहून गेलो, आता खोडत नाही.

माझा धाकटा भाऊ आहे तो. त्याला खांद्यावर घेऊन मी पोळ्याचे बैल दाखवले आहेत.

बाहेर आलो तर दिव्यानी मागे आली. म्हणाली, "भाऊजी, हे झोपेत काहीतरी ठोकून राह्यतेत. खाटेच्या पट्टीवर. बोटानं. टक् टक् टक्. तीनच डाव. मंग थांबतेत."

म्हटलं, प्लास्टर खाजत असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार

अयूबची बायको जरीना आली होती. आत यायला तयार नाही, ओसरीच्या पायरीवरच बसली. बाबांशी बोलली, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काकाजी, मी भांडाले नाई आली. त्यायचे दोन बोटं कापा लागले. पाना धरता येत नाई, टेस्टर धरता येत नाई. त्याचंबी काई नाई म्हनत मी. पर लोकं म्हनून राह्यले का अयूबच्या हातचं कामच खोटं, त्याच्यापाई मानूस मरता मरता वाचला. पोरं शाळेतून रडत येतेत. एक डाव चार लोकायसमोर गाडी पाहा. खराबी निघाली तं आमी गाव सोडून जाऊ. नाई निघाली तं लच्छूभाऊनं तेवढं तोंडानं बोलून टाकावं, बस."

बाबा उठून गाडीला एक फेरी मारून आले. बाबांचा, म्हणजे गुणवंतरावांचा शब्द गावात अजून चालतो, त्यामुळे ते लवकर शब्द देत नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी बसू. अंगनातच. सगळ्यायसमोर."

ती गेल्यावर मला म्हणाले, "तुले भेव नाई ना रे कशाचं?"

म्हटलं, मला कशाचं भेव!

२० फेब्रुवारी

सगळी दारं उघडून बसलो. एकही वायर तुटलेली नाही. एकाही सांध्यावर गंज नाही. अयूबने प्रत्येक जोड सोल्डर करून वर टेप गुंडाळली आहे, टेपच्या टोकाला धागा बांधला आहे, उन्हाने सुटू नये म्हणून. इतकं नीट काम कोणी करतं का? आईची शपथ, इतका राग मला त्या बैलवाल्याचाही आला नव्हता.

रविवारला दोन दिवस.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरची सगळी लग्नाला गेली. प्रवीण आतल्या खोलीत झोपलेला. दुपारी बारा वाजता मी दाढीचं ब्लेड घेऊन बसलो.

रबरी नळी मागे सारली. लॉकचा हुकूम नेणारी वायर आणि तिच्या शेजारची काळी, दोन्हींचं साल बोटाच्या पेराएवढं सोललं. वर-खाली असं की दार लावलं, नळी दुमडली, की दोन्ही एकमेकींना चिकटतील. नळी परत बसवली, आत बसलो. दार लावलं.

खट्!

चारही दारं बंद. खुंटी वर ओढली, ती पुन्हा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली! अगदी मी लिहिलं होतं तसं! सत्तावीस तारखेचं पान उघडून ताडून पाहिलं. शब्दन् शब्द.

मोठ्याने हसलो. महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. जेवताना असं वाटायला लागलं की त्या दिवशीही हे असंच झालं असणार.

२२ फेब्रुवारी, रविवार

बैठक झाली. अंगणात वीसेक माणसं. आमच्या बाजूची जास्त. चौकातले दांडगे लोकही आलेले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. प्रवीणला खुर्चीवर ओसरीत बसवलं होतं.

बाबा म्हणाले, दार लाव. मी आत बसून लावलं. खट्! माणसांत एकदम गलका. उघडून दाखव म्हणाले, उघडेना. बोनेट उघडून बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठे दार उघडलं. "अरे बापरे, हे तं सापळाच हाय!" कोणीतरी ओरडलं. एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला खरंच रडू आलं. खोटं नाही, खरं रडू.

अयूब पुढे आला. उजव्या हाताला एवढं मोठं बँडेज, ते छातीशी धरलेलं. डाव्या हाताने रबरी नळी मागे सारली आणि वाकून पाहिलं. मी त्याच्या अगदी शेजारी. तो मला ऐकू जाईल एवढंच बोलला.

"लच्छूभाऊ, तांबं चमकून राह्यलं. जुनं असतं तं काळं पडलं असतं."

त्याने वर पाहिलं. मी, माझ्या मागे चौकातले ते सगळे, आणि फाटकाजवळ पदर तोंडाला लावून जरीना. सगळ्यांना एक-एक करून पाहिलं त्याने. मग सरळ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "माझीच गलती हाय. वायर सोललेली राह्यली. माफ करा."

चौकातल्या एकाने पुढे येऊन त्याच्या मानेवर चपराक मारली. टोपी खाली पडली. बाबा ओरडले त्याच्यावर. मी ओरडलो नाही. टोपी माझ्या पायाजवळ पडली होती. मी ती उचलली नाही. अयूबने एका हाताने उचलली, झटकली, घातली.

ओसरीत पाहिलं तर खुर्ची रिकामी. प्रवीण उठून आत गेला होता.

२३ फेब्रुवारी

जिंकलो.

सोललेल्या वायरींना टेप लावली. लॉक एकदम चांगलं चालतंय.

२५ फेब्रुवारी

दिव्यानी म्हणाली, झोपेतलं ठोकणं थांबलं. रविवारपासून एकदाही नाही. मी म्हटलं, छान. मग दिवसभर कुठेही टक् असं वाजलं की कान तिकडे जायचा. ते चालू होतं तेच बरं होतं.

७ मार्च, रविवार. धुळवड

सकाळी चौकातले आले, रंगलेले, प्यालेले. "चाल भाऊ, तुया हिशोबाचा एक कार्यक्रम हाय." मीही घेतली होती. गेलो. सगळे अयूबच्या दुकानासमोर. दुकान बंदच असतं महिनाभर. मागे लागूनच घर; गाव सोडायचं म्हणाले होते, अजून गेले नव्हते. माझ्या हातात सब्बल दिली, लोखंडी पहार. "पयला हात तुया."

मी मारला. पहिला पाटीवर, त्याच्या नावावर. टिन दुमडून खाली आलं. मग शटरवर. मग सगळेच तुटून पडले. हेडलाईटच्या काचा, बॅटऱ्या, टेबल, मीटर, सगळं रस्त्यावर. बॅटरीचं तेजाब सांडून माती फसफसत होती. एकाने वायरींचे गठ्ठे पेटवले. मला मजा वाटत होती. लिहायची लाज वाटते, पण वाटत होती. हाताला काम होतं आणि डोकं रिकामं होतं.

मग कोणीतरी म्हणालं, घराकडे चला. मी पुढेच होतो. दारासमोर जाऊन उभा राहिलो, सब्बल उचलली. आतून कोणीतरी घाईने कडी लावली.

खट्!

तो आवाज मी ओळखला. दारावर बाहेरून काय येतंय ते माहीत असलेला माणूस असा लावतो कडी. घाबरून, घाईघाईने, आणि लावल्यावर हात न काढता. जरीनाचा हात अजून त्या कडीवर असणार. मला दाराच्या आरपार दिसला तो हात.

माझा हात.

सब्बल टाकली. म्हटलं, पोलीस येऊन राह्यले, पळा! सगळे पांगले. मी वैनगंगेवर जाऊन डोकं पाण्यात घातलं. रंग निघाला, दारू उतरली. आता घरी येऊन लिहितोय. नीट लिहितो.

खुंटी मी दाबली. आत बसलो, तुताऱ्या उचललेल्या पाहिल्या आणि दाबली. ती वर-खाली होत नव्हती. मी अंगठ्याने दाबून धरली होती, चार मिनिटं, अंगठ्यावर वळ उठेपर्यंत. आणि सीटवर ताठ बसलो नव्हतो. स्टेअरिंगच्या खाली वाकलो होतो, कोणी काचेतून पाहिलंच तर दिसू नये म्हणून. प्रवीण काचेपाशी आला तेव्हा त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर होतं. मध्ये काळी फिल्म. तो मला पाहू शकत नव्हता, मी त्याला पाहू शकत होतो. उघडलं तर ते आत येतील, मला ओढतील, एवढंच डोक्यात होतं. भाऊ नव्हता डोक्यात.

अयूबची बोटं त्यासाठी गेली. देवाजीचे दात त्यासाठी पडले.

कोणाला सांगणार नाही. इथे लिहिलं, झालं. शुक्रवारी प्रवीणची तार निघते. त्याला तरी काय दिसलं असणार, काळी फिल्म होती. तो काहीही बोलला तरी मी म्हणेन, लॉक खराब होतं. वीस माणसांनी पाहिलंय.

१० मार्च

नळीतून वायरी काढून पुन्हा पाहिल्या. टेप उकलली. तांबं काळं पडायला लागलंय.

१२ मार्च, शुक्रवार. नागपूर

तार काढली. बाबा, दिव्यानी, मी, खाटेभोवती. जबडा बोटभरच उघडतो, शब्द दाबले जातात. डॉक्टर म्हणाले, काहीतरी बोला. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, त्यायनं इचारलं गाडी कोन चालवत होता. मी म्हटलं, मी. तू आत जाऊन लॉक लावला तं मले बरंच वाटलं. म्हटलं, एक तं वाचला." थांबला, थुंकी पुसली. "पर मंग लई लागाले लागलं ना, तवा मी काच ठोकली. तीन डाव."

दिव्यानी रडायला लागली. बाबांना काही समजेना. ते माझ्याकडे वळले.

"लच्छू, लॉक तं आपोआप पडला होता ना रे?"

मी म्हटलं, "नाई बाबा. मी."